भर उन्हात दमणारे यंत्र

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत मोटारीचा एसी बिघडल्याची तक्रार बहुधा एकाच शब्दांत ऐकू येते. "सकाळी झकास चालतो, दुपारी नुसता वारा येतो." गॅरेजवाला गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो. ऊन उतरल्यावर एसी सुरू करून पाहतो, तर तो थंडगार. मालक गाडी घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पुन्हा तीच रड. हा योगायोग नाही, आणि यंत्राची खोडही नाही. गारवा देणाऱ्या यंत्राची ताकद नेमकी गरजेच्या वेळी का कमी होते, या प्रश्नाला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो माहीत असला तर आजचा बिघाड शोधणे बरेच सोपे जाते. शिवाय बाष्पीभवन, अप्रकट उष्मा, वायूंचे दाब हे नववी-दहावीचे सगळे धडे त्यात आयते सापडतात.

पुसदसारख्या गावासाठी हा केवळ चैनीचा प्रश्न नाही. पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या वेढ्यात वसलेले हे गाव पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर अवलंबून राहिले. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली सुरू झाले. तिकडे जा की नांदेडला, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि वाटेत चढउतार. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली आली. मे महिन्यातल्या दुपारी अशा गाडीत झोपलेल्या उष्माघाताच्या रुग्णाला एसी चालतो की नुसता वारा येतो, याने फार फरक पडतो.

प्रवासातला गारवा आधी पाण्याने दिला. वाळ्याच्या ताट्या दारात लावायच्या, त्यांवर पाणी शिंपडायचे आणि त्यांतून येणारी झुळूक घ्यायची, ही आपली जुनीच रीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीआयपी रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या काही डब्यांत तीच वापरली गेली. अमेरिकेत १९३० नंतर मोटारीच्या खिडकीला अडकवायचे नळकांडे विकत मिळू लागले. त्यात पाण्याने भिजलेली ताटी असे आणि गाडी धावली की वारा तिच्यातून आत शिरे. ट्रकच्या पुढे टांगलेली कॅनव्हासची छागल याच कुळातली, फक्त ती हवेऐवजी पाणी थंड करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते.

या उपायाचा एक गुण आपण विसरतो. बाहेर जितके कोरडे आणि गरम, तितका तो चांगला चालतो. तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. म्हणजे वीस अंशांचा गारवा जवळजवळ फुकट. जूनमध्ये पावसाळी हवा आली की मात्र हाच कूलर घामाच्या धारा काढतो. विदर्भात कूलर घरोघरी पोचला आणि कोकणात नाही, त्याचे कारण एवढेच.

दुसरा उपाय बर्फाचा. मुंबई-पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली थंड हवेचा डबा जोडला गेला. त्यात यंत्र नव्हते. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरत, त्यांवरून पंख्याने हवा आत सोडत आणि वाटेतल्या स्थानकांवर नवा बर्फ चढवत. आज आपण "दीड टनाचा एसी" म्हणतो, तो टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढी ओढण्याची ती क्षमता आहे. साडेतीन किलोवॉट भरते. एका लहान मोटारीच्या एसीची क्षमताही या टनाच्या आसपास असते. बर्फाचा डबा एका बाबतीत आजच्या यंत्रापेक्षा उजवा होता. बाहेर ३५ अंश असोत की ४५, बर्फ शून्यालाच वितळतो. लाद्या लवकर संपतील, पण दुपारी गारवा अडणार नाही.

यंत्राचे तसे नाही. जेकब पर्किन्सने १८३४ साली इंग्लंडमध्ये ईथर वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यातली मूळ रचना आजही तीच आहे. लवकर उकळणारा एक द्रव आतल्या नळ्यांत कमी दाबाखाली उकळू द्यायचा. उकळताना तो आतल्या हवेची उष्णता घेतो. झालेली वाफ काँप्रेसरने दाबायची. दाबली की ती तापते. ही तापलेली वाफ बाहेरच्या नळ्यांच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये न्यायची. तिथे ती बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते आणि एका बारीक छिद्रातून आत परतते. म्हणजे हे यंत्र गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. ती टाकायची तर वाफ बाहेरच्या हवेपेक्षा गरम हवी. बाहेर जितके जास्त तापमान, तितका जास्त दाब द्यावा लागणार. सारी मेख इथे आहे.

या मेखेचा पहिला मोठा फटका समुद्रावर बसला. टॉमस अँड्र्यूज याने १८६९ साली दाखवून दिले की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. या मर्यादेला क्रांतिक तापमान म्हणतात. पुढे १८९० पासून मांस वाहून नेणाऱ्या ब्रिटिश जहाजांवर याच वायूची शीतयंत्रे बसू लागली. अमोनियासारखा तो विषारी नव्हता, ही मोठी सोय होती. कंडेन्सर थंड करायला समुद्राचे पाणी होतेच. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सगळे ठीक चाले. पण जहाज तांबड्या समुद्रात किंवा हिंदी महासागरात आले की पाणीच तिशीला टेके. वायू द्रव होईना. दाब वाढवून, जास्त कोळसा जाळून कशीबशी वेळ निभवावी लागे. यंत्रात काहीही मोडलेले नसे. थंड देशात जुळवलेले यंत्र उष्ण कटिबंधात आले होते, इतकेच.

१९३० साली टॉमस मिजले याने अमेरिकन केमिकल सोसायटीपुढे एक नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. हाच फ्रिऑन, किंवा आर-१२. त्याचे क्रांतिक तापमान ११२ अंश. जहाजांवरची अडचण त्याला नव्हती. माणसे बसतात त्या बंद मोटारीत असा वायू खेळवायला हरकत नव्हती. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या प्रदर्शनात एसी असलेली मोटार मांडली. गार हवेची पेटी मागच्या डिकीत, काँप्रेसर पुढे इंजिनाला पट्ट्याने जोडलेला. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा हाताने काढावा लागे! दोन-तीन वर्षांत हा प्रकार बंद पडला. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढच्या भागात आणली, आणि त्याच दशकात पट्टा काढण्याचे काम विद्युतचुंबकी क्लच करू लागला. कंडेन्सर मात्र पहिल्यापासून इंजिनाच्या रेडिएटरसमोरच राहिला. म्हणजे एसीने बाहेर टाकलेली उष्णता आधी रेडिएटरच्या तोंडावर येते. घाट चढताना इंजिन तापते आणि एसीही मंदावतो, त्याचे बीज या मांडणीत आहे.

आता थोडे आकडे पाहू. आतल्या नळ्यांत वायू ५ अंशांना उकळतो असे धरू, म्हणजे २७८ केल्विन. बाहेर ३५ अंश असतील तर कंडेन्सर ५० च्या आसपास चालेल; फरक ४५ अंशांचा. कार्नोच्या आदर्श यंत्राचा हिशोब लावला तर २७८ भागिले ४५, म्हणजे एक एकक काम करून सहा एककांहून थोडी जास्त उष्णता हलते. रस्त्यावरची हवा ५० ची असेल आणि कंडेन्सर ७० वर गेला, तर फरक ६५ आणि भागाकार ४.३. आदर्श यंत्रदेखील एक तृतीयांश ताकद गमावते. खरे यंत्र त्याहून जास्त. त्याच वेळी काचा बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीतली हवा साठ अंशांपलीकडे गेलेली असते. काम वाढले आणि ताकद घटली. सकाळी हेच यंत्र पन्नास टक्के आजारी असले तरी चालून जाते. दुपार त्याचा आजार उघडा पाडते.

भारतात लहान मोटारी १९८३ नंतर तालुक्याच्या गावांत दिसू लागल्या आणि त्यांच्याबरोबर एसीही आला. आठशे सीसीच्या इंजिनाला काँप्रेसर ओढणे जड जाई. घाटात एसी बंद करायची सवय चालकांना तेव्हाच लागली. त्या गाड्यांत आर-१२ होता. दरम्यान मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली असे वायू ओझोनचा थर खातात हे दाखवले होते. १९८७ साली माँट्रिअल करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि २००८ साली आपल्याकडे या वायूंचे उत्पादन थांबले. त्याआधीच नव्या मोटारींत आर-१३४ए आला होता.

नव्या वायूची एक गंमत कोष्टकात दिसते. २० अंशांना आर-१२ आणि आर-१३४ए यांचा दाब जवळजवळ सारखा. त्याखाली नव्याचा थोडा कमी, त्यावर थोडा जास्त. ६० अंशांना जुन्याचा दाब वातावरणाच्या सुमारे १५ पट, तर नव्याचा साडेसोळा पट. म्हणजे थंड देशात या बदलाची फारशी जाणीव झाली नसती. विदर्भात ती दुपारी होणारच. नव्या गाड्यांना म्हणून जास्त कार्यक्षम कंडेन्सर दिले गेले. पण जुन्या गाडीतला आर-१२ काढून तिच्यातच नवा वायू भरला, तर जुन्या कंडेन्सरला हा जादा भार झेपेलच असे नाही.

गॅस बदलला, पण दुरुस्तीची जुनी सवय टिकली. आर-१२ च्या यंत्रांत द्रवाच्या नळीवर एक काचेची खिडकी असे. तिच्यात बुडबुडे दिसले तर गॅस कमी. ते जाईपर्यंत भरायचा. हा ठोकताळा तेव्हा बरोबर होता. आर-१३४ए च्या यंत्रात प्रमाण अगदी योग्य असतानाही बुडबुडे दिसू शकतात. ते घालवण्याच्या नादात गॅस जास्त भरला जातो. जादा द्रव कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो आणि वाफ द्रव होण्यासाठी लागणारी जागा अडवतो. परिणाम काय, तर सकाळी ठीक आणि दुपारी दाब इतका चढतो की सुरक्षेचा स्विच काँप्रेसर बंद करतो. मालक पुन्हा येतो, "गॅस कमी झाला असेल" म्हणून पुन्हा भरला जातो. उन्हाळ्यात होणारा बराच खर्च या चक्रात जातो असे माझे मत आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे; ती आधी शोधली पाहिजे. आणि भरायचा तो बुडबुडे पाहून नव्हे, वजन करून. लहान मोटारीला तो अर्ध्या किलोच्या आसपास लागतो. नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर किती टक्के चूक होते, ते विद्यार्थीही सांगतील.

मग बिघाड शोधायचा कसा? पहिली गोष्ट, गाडी संध्याकाळी तपासू नये. जी अवस्था तक्रारीत आहे, तीतच पाहावे. दुसरी, तक्रारीची भाषा नीट ऐकावी. "धावताना थंड, फाटकाशी उभी राहिली की गरम" म्हणजे कंडेन्सरवर वारा पोचत नाही. पंखा, त्याचा रिले किंवा जाळीतला कचरा यांपैकी काहीतरी. "पंधरा-वीस मिनिटे मस्त, मग वाराच कमी होतो, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक" म्हणजे आतल्या जाळीवर बर्फ धरतो आहे. "एकदम बंद, गाडी निवली की आपोआप सुरू" म्हणजे दाबाचा स्विच किंवा क्लच.

क्लचचे उदाहरण वर्गात सांगण्यासारखे आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांवरचे वेटोळे इंजिनाजवळ १०० अंशांना तापले की रोध तिसेक टक्के वाढतो. विद्युतदाब तोच, म्हणून प्रवाह तीन चतुर्थांशावर येतो. चुंबकाची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. ती साठ टक्क्यांच्याही खाली जाते. नव्या क्लचला तेवढी ओढ पुरते. झिजून फट वाढलेल्या क्लचला पुरत नाही. तबकडी चिकटत नाही आणि काँप्रेसर फिरत नाही. गॅस, नळ्या, पंखा सगळे ठीक असून एसी बंद.

उष्णता बाहेर पडत नाही असा संशय असेल, तर गॅरेजात एक साधी, नामी युक्ती करतात. एसी चालू ठेवून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारायचा. पंख्यापासून आणि तापलेल्या भागांपासून हात दूर ठेवून. दोन मिनिटांत आत गारवा वाढला तर गॅस आणि काँप्रेसर बहुधा बरे आहेत, उष्णता टाकण्यात अडचण आहे. म्हणजे वाळ्याच्या ताटीचेच तत्त्व, या वेळी बिघाड ओळखण्यासाठी वापरलेले. पुसदच्या परिसरात कापूस पिकतो. हिवाळ्यात कापसाच्या गाड्यांमागून धावताना जाळीत तंतू अडकतात, त्यांवर धूळ आणि किडे बसतात. थंडीत त्याची कुणाला फिकीर नसते. एप्रिलमध्ये एसी लावला की त्या नमद्याचा हिशोब सुरू होतो. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्यामधली फट तर बाहेरून दिसतही नाही. कंडेन्सर पुढून चकचकीत आणि मागून बंद, असे असू शकते. हलक्या दाबाने पाणी मारून ती फट साफ करणे गॅस भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. जोराच्या फवाऱ्याने मात्र ॲल्युमिनिअमची पाती वाकतात आणि वाऱ्याची वाट कायमची अडते.

आणखी एक चोर म्हणजे हवा. नळी बदलल्यावर पंप लावून आतली हवा पूर्ण काढली नाही, तर ती कंडेन्सरमध्ये साचते. ती द्रव होत नाही, पण तिचा दाब गॅसच्या दाबात मिळतो. हा डाल्टनचा नियम झाला. ती ओळखायची पद्धत सुंदर आहे. रात्रभर सावलीत उभ्या राहिलेल्या गाडीला पहाटे दाबमापक लावावा. आत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत, म्हणून दाब फक्त तापमानावर ठरतो. गॅस किती भरला आहे यावर नाही. ३० अंशांना आर-१३४ए चा दाब वातावरणाच्या सुमारे ७.६ पट असायला हवा. दाबमापक वातावरणापासून पुढे मोजतो, म्हणून त्यावर ६.६ दिसेल. बराच जास्त दिसला तर आत हवा किंवा कसला तरी भेसळीचा गॅस आहे. नळी उघडून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये. हा द्रव उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, त्वचा क्षणात गोठवतो.

हे सगळे ठीक असूनही काही गाड्या दुपारी हात टेकतात. तेव्हा प्रश्न गाडीच्या जन्माचा असतो. घरातल्या एसीची क्षमता सामान्यतः बाहेर ३५ अंश धरून मोजतात. उष्ण प्रदेशांसाठी ४६ अंशांची वेगळी कसोटी आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. हा आकडा हवामानखात्याच्या पांढऱ्या पेटीतला, सावलीतला, जमिनीपासून सव्वा मीटर वरचा. डांबरी रस्त्यालगत, बंपरच्या उंचीवर कंडेन्सर जी हवा ओढतो ती याहून गरम. ट्रकचालकांच्या बाबतीत तर २०२५ पर्यंत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण एसी असण्याची सक्तीच नव्हती. त्या वर्षापासून मध्यम आणि जड मालवाहू वाहनांच्या नव्या केबिनना तो बंधनकारक झाला.

आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटींच्या आसपास आहे. म्हणून युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो बंद झाला आणि बहुतेकांनी आर-१२३४वायएफ हा नवा वायू घेतला. काही जर्मन मोटारींनी वेगळीच वाट धरली. त्यांनी जुना कार्बन डायऑक्साइड परत आणला. ३१ अंशांच्या वर त्याचा द्रव होत नाही हे अँड्र्यूजच्या काळापासून माहीत आहे. तेव्हा या यंत्रांत कंडेन्सरची जागा नुसता वायू थंड करणारी जाळी घेते आणि वातावरणाच्या शंभरपटीहून अधिक दाब पेलणाऱ्या नळ्या वापराव्या लागतात. तांबड्या समुद्रातली जहाजे ज्या अडचणीत सापडत, तिच्यावर दाबानेच काढलेला हा तोडगा आहे. जर्मनीच्या उन्हाळ्यात तो चालतो. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, पुसदबाहेरच्या चढावर तो कसा चालेल हे गणित उत्साही विद्यार्थ्यांना घालून पाहण्यासारखे आहे.